स्क्रीन वाचणाऱ्या टेस्ट: व्हीएमच्या स्क्रीनशॉटवर ओसीआर वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टेस्टिंग टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात तेच ते प्रश्न येतात, आणि तेही साधारण त्याच क्रमाने. दरवेळी चहाच्या टेबलावर उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून हे पान लिहिलं. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आणि ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. उदाहरणं मुख्यतः क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) आणि लिनक्सची आहेत, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. व्हर्च्युअलबॉक्स किंवा इतर काही वापरत असाल तर कमांड बदलतील, दुखणी तीच राहतील.

व्हीएम आपल्याच ताब्यात आहे, मग तिची स्क्रीन 'वाचायची' गरजच का पडते?

कारण मशीन सुरू झाल्यापासून लॉगिनपर्यंतच्या वाटेत आपलं तिच्यावर काहीच चालत नाही. एसएसएच चालायला नेटवर्क लागतं. आत बसवलेला एजंट चालायला ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहावी लागते. पण फर्मवेअरचा मेनू, बूटलोडर, एनक्रिप्टेड डिस्कचा पासफ्रेज विचारणारी ओळ आणि इन्स्टॉलरचे पहिले चार पडदे हे सगळं त्याआधीच होऊन जातं. तिथे माणूस काय करतो? स्क्रीनकडे बघतो, 'पासफ्रेज टाका' असं दिसलं की टाइप करतो. स्क्रिप्टलाही तेच करावं लागतं.

निक्सओएस या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलर टेस्टमध्ये याचं नेमकं उदाहरण आहे. डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एनक्रिप्शन पद्धतीने) एनक्रिप्ट केलेली असते. टेस्ट मशीन सुरू करते, स्क्रीनवर 'पासफ्रेज फॉर' हे शब्द उमटायची वाट बघते आणि मग कीबोर्डवरून पासफ्रेज पाठवते. तिथला रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) पहिलं 'पी' मोठं असो की छोटं, दोन्ही चालवून घेतो. ही सवलत का ठेवली असेल, ते पुढे कळेल.

मग सरसकट ओसीआरच वापरावं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

स्क्रीनचा फोटो काढून त्यातली अक्षरं ओळखणं म्हणजे आधी अक्षरांचं चित्र करायचं आणि मग चित्रातून पुन्हा अक्षरं उकरायची. मूळ अक्षरं जिथे चित्र होण्याआधीच हाती लागतात, तिथे हा द्राविडी प्राणायाम कशाला?

सगळ्यात आधी सीरियल कन्सोल बघा. कर्नलला कन्सोल म्हणून पहिला सीरियल पोर्ट दिला की बूटचे सगळे संदेश साध्या मजकुराच्या रूपात होस्टवरच्या (व्हीएम चालवणाऱ्या मूळ मशीनवरच्या) फाइलमध्ये येतात. ग्रब या बूटलोडरलाही सीरियलवर बोलायला लावता येतं. निम्म्या टेस्टचं काम इथेच संपतं, आणि लोक ते विसरतात.

मशीन वर आली आहे, आत कमांड चालवता येते, पण व्हर्च्युअल कन्सोलवर काय दिसतंय ते हवंय? लिनक्समध्ये त्यासाठी डेव्ह फोल्डरखाली 'व्हीसीएस' नावाच्या डिव्हाइस फाइल असतात. 'व्हीसीएस१' वाचलं की पहिल्या कन्सोलवरची अक्षरं जशीच्या तशी मिळतात. निक्सओएसच्या टेस्ट ड्रायव्हरमध्ये कन्सोलचा मजकूर देणारं वेगळं फंक्शन आहे ते हेच करतं, ओसीआरच्या वाटेला जातही नाही.

तिसरा मार्ग जुना आणि मला भारी आवडणारा. मशीन अजून व्हीजीए टेक्स्ट मोडमध्ये असेल, म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, तर स्क्रीनवरचा प्रत्येक अक्षर-कोड मेमरीत बी-८००० या पत्त्यापासून ठेवलेला असतो (हेक्समध्ये). प्रत्येक चौकटीला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. एकूण ४००० बाइट. क्यूएमूच्या मॉनिटरमधून (म्हणजे त्याला हुकूम द्यायच्या कन्सोलमधून) तेवढी मेमरी वाचायची आणि एक सोडून एक बाइट उचलायचा, की अख्खी स्क्रीन शंभर टक्के अचूक हाती येते. अडचण एवढीच की यूईएफआयवर बूट होणारी आजची मशीन बहुतेक वेळा फ्रेमबफरवर असते, आणि तिथे मेमरीत अक्षरं नसतात, फक्त पिक्सेल असतात. स्क्रीनशॉट ७२० बाय ४०० आकाराचा आला तर टेक्स्ट मोड आहे असं समजायला हरकत नाही.

हे सगळे रस्ते बंद झाले की ओसीआर.

ओसीआरवाली टेस्ट आतून नेमकं काय करते?

क्यूएमूला मॉनिटरवरून 'स्क्रीनडंप' म्हटलं की त्या क्षणीचं चित्र फाइलमध्ये येतं. आधी ते फक्त पीपीएम प्रकारात मिळायचं, ७.१ या आवृत्तीपासून (२०२२) पीएनजीही मिळतं. चित्र मोठं करायचं, करडं करायचं, गरज पडली तर उलटं करायचं, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग ते टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला द्यायचं, जो मजकूर येईल त्यात रेजेक्स शोधायचा. सापडला तर पुढे, नाही तर एखादा सेकंद थांबून पुन्हा पहिल्यापासून. वेळ संपला की टेस्ट फेल.

यात काहीही हुशारी नाही. हुशारी लागते ती चित्र तयार करताना आणि शब्द निवडताना.

टेसरॅक्टच का? दुसरं काही नाही का?

आहे. गीक्स या दुसऱ्या लिनक्स वितरणाची टेस्ट व्यवस्था ग्नूचा ओक्रॅड वापरू शकते. तो हलका आहे आणि साध्या अक्षरांवर बरा चालतो. पण बहुतेक जण टेसरॅक्टवर येऊन थांबतात, कारण ते मोफत आहे, ऑफलाइन चालतं, कमांडलाइनवरून चालतं आणि शंभरावर भाषा जाणतं. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ च्या सुमाराला त्यावर काम सुरू झालं, २००५ मध्ये ते मुक्त झालं आणि पुढे बरीच वर्षं गूगलने ते पोसलं. २०१८ च्या ४.० आवृत्तीत न्यूरल नेटवर्कचं इंजिन आलं. जुनं इंजिन अजून वापरता येतं, फक्त त्याला चालणाऱ्या मॉडेल फाइल वेगळ्या घ्याव्या लागतात. निक्सओएसचा ड्रायव्हर तर एकच स्क्रीनशॉट वेगवेगळ्या इंजिनांनी वाचून घेत आला आहे आणि कुठल्याही एका वाचनात शब्द सापडला तरी समाधान मानतो. तीन ज्योतिषी गाठून त्यातल्या एकाचं ऐकण्यासारखं वाटेल, पण वाट बघण्याच्या कामाला हे चालतं. कुठल्या कामाला चालत नाही, ते पुढे.

मला स्वच्छ वाचता येतोय तो स्क्रीनशॉट टेसरॅक्ट का वाचत नाही?

कारण टेसरॅक्ट छापील कागद स्कॅन करून वाचायला वाढलेलं आहे, आणि स्क्रीन म्हणजे कागद नव्हे. कागदावर काळी अक्षरं, पांढरी पार्श्वभूमी, ३०० डीपीआय. तुमच्या कन्सोलवर करडी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, आणि एक अक्षर मावतं ते ८ बाय १६ पिक्सेलच्या चौकटीत. तेवढ्यात 'ई' आणि 'सी' या इंग्रजी अक्षरांमधला फरक दोन-चार पिक्सेलचा उरतो.

म्हणून पहिला उपाय चित्र मोठं करणं. टेसरॅक्टच्या कागदपत्रांत निदान ३०० डीपीआयची शिफारस आहे. स्क्रीन ७२ ची धरली तर १०२४ बाय ७६८ चा स्क्रीनशॉट साधारण ४२६७ बाय ३२०० होतो. एवढा फुगवायची गरज दरवेळी नसते. आमचा अनुभव असा की तिपटीवर बहुतेक काम भागतं आणि वेळ बराच वाचतो. मोठं करताना गुळगुळीत करणारा फिल्टर वापरा, नाहीतर पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा तशाच मोठ्या होतात.

दुसरा उपाय रंग उलटवणं. टेसरॅक्टच्या ३ मालिकेपर्यंत काळ्यावर पांढरं चालून जायचं. ४ पासून गडद अक्षरं फिकट पार्श्वभूमीवरच द्या, असा सल्ला त्यांच्याच कागदपत्रांत आहे. इन्स्टॉलरच्या एकाच पडद्यावर पांढरी पट्टी आणि निळी पट्टी दोन्ही असतात. तिथे सरळ आणि उलटं अशी दोन्ही चित्रं वाचून दोन्हींचा मजकूर एकत्र शोधावा.

तिसरं दुखणं डोळ्याला दिसत नाही. अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून डेस्कटॉप लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची गंमत करतो. झूम करून पाहिलंत तर प्रत्येक काळ्या काठीच्या एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला निळसर झालर दिसेल. चित्र करडं केलं की ती झालर धुरकट होते आणि शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. गेस्टमध्येच (म्हणजे व्हीएमच्या आत) हे बंद करून टाका.

यावरून एक गोष्ट हट्टाने सांगतो. होस्टवर चित्र मोठं करण्यापेक्षा गेस्टमध्ये अक्षरं मोठी करणं केव्हाही बरं. कन्सोलला १६ बाय ३२ चा फॉन्ट द्या, डेस्कटॉपला २०० टक्के स्केलिंग द्या. बाहेरून फुगवलेल्या चित्रात नवी माहिती येत नाही. आत मोठा फॉन्ट लावला की खरोखर जास्त पिक्सेल अक्षराच्या वाट्याला येतात. इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या डझनभर ऑप्शनांशी दोन दिवस झुंजलेला माणूस फॉन्ट बदलल्यावर पाच मिनिटांत मोकळा झालेला मी पाहिला आहे. तो माणूस मीच होतो.

पेज सेगमेंटेशन मोड कोणता ठेवू?

पानाची मांडणी कशी आहे हे टेसरॅक्टला सांगणारा हा आकडा. कन्सोलच्या भरगच्च मजकुराला ६, इकडे-तिकडे विखुरलेल्या बटणांच्या पडद्याला ११, आणि एकच ओळ कापून देत असाल तर ७. काहीच दिलं नाहीत तर टेसरॅक्ट वर्तमानपत्राचं पान समजून रकाने शोधत बसतं. पहिली चूक सहसा इथेच असते.

शोधायचा शब्द कसा निवडावा?

लांब, साध्या अक्षरांचा आणि त्या पडद्यावर एकदाच येणारा.

लहान 'एल', मोठा 'आय' आणि एक हा आकडा ही जुनी त्रिमूर्ती. शून्य आणि 'ओ' ही जोडगोळी. 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम' होणं. 'लॉगिन' या इंग्रजी शब्दातच 'एल' आहे, 'ओ' आहे आणि 'आय' आहे, त्यामुळे जगातली सर्वांत जास्त वेळा शोधली जाणारी ही ओळ ओसीआरला सोपी नाही. रेजेक्समध्ये त्या जागी दोन-तीन पर्याय ठेवा. पहिलं अक्षर मोठं-छोटं दोन्ही चालवून घ्या, कारण 'पी' किंवा 'सी' मोठं की छोटं हे आकारावरून ठरतं, आणि आकाराचा अंदाज टेसरॅक्टचा चुकतो. शब्दांमधली मोकळी जागा 'असली तर असू दे' अशी लिहा.

आयपी पत्ता, आवृत्तीचा आकडा, फाइलचा मार्ग किंवा हॅश ओसीआरने वाचून पुढे वापरू नका. न्यूरल इंजिनाला भाषेची सवय असते. शब्द ओळखीचा असला तर ते सावरून घेतं; अर्थहीन अक्षरमाळेत त्याला आधारच नसतो. शब्दकोश बंद करून आणि फक्त आकडेच ओळखायला सांगून थोडी सुधारणा होते (अक्षरं मर्यादित करण्याची ही सोय ४.० मध्ये नव्या इंजिनात चालत नव्हती, ४.१ मध्ये परत आली). तरी भरवसा नको. आयपी पत्ता सीरियलवर छापून घ्या.

टेस्ट पास झाली, पण मशीन तर अडकलेलीच होती! हे कसं?

हा प्रश्न विचारणारा माणूस नेहमी थोडा पांढरा पडलेला असतो.

मी पूर्वी एका ठिकाणी असताना अशी टेस्ट होती. स्क्रिप्ट कन्सोलवर एक कमांड टाइप करायची: सर्व्हिस सुरू झाली तर 'यशस्वी' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छाप. मग स्क्रीनवर तो शब्द दिसायची वाट. टेस्ट कायम हिरवी. एक दिवस कोणीतरी सहज म्हणून स्क्रीनशॉट उघडला, तर सर्व्हिस कित्येक दिवस सुरूच होत नव्हती. शब्द मात्र स्क्रीनवर होता, कारण तो कमांडमध्येच होता. आम्ही स्वतः टाइप केलेलं वाचून स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

उपाय सोपा आहे. उत्तरात येणारा मजकूर प्रश्नात असता कामा नये. कमांड यशस्वी झाली तरच शेलला एक गुणाकार करून छापायला सांगा, उदाहरणार्थ १२३४ गुणिले ४३२१. स्क्रीनवर ५३३२११४ दिसलं तर कमांड खरंच चालली. टाइप केलेल्या ओळीत हा आकडा कुठेच नाही. किंवा शब्दाच्या मध्ये रिकामी अवतरणचिन्हं घालून तो टाइप करताना तोडा, छापताना तो जोडलेला येतो. ओपनक्यूए या टेस्ट व्यवस्थेने याहून नेटकी वाट काढली: टाइप केलेल्या कमांडनंतर एक्झिट कोड आणि एक खुणेचा मजकूर सीरियल पोर्टवर पाठवायचा आणि तिकडेच वाट बघायची. टाइपिंग स्क्रीनवर, निकाल सीरियलवर.

याच जातीची दुसरी फसवणूक म्हणजे आधीच्या पडद्यावरचा शब्द. बूट मेनूत 'इन्स्टॉल' आहे, पुढच्या पडद्यावरही 'इन्स्टॉल' आहे; स्क्रिप्ट पहिल्यावरच खूश होऊन पुढच्या की दाबत सुटते. दर पडद्यासाठी असा शब्द निवडा जो आधीच्या पडद्यावर नाही. नव्या टेस्टची तपासणी करताना मी हीच एक गोष्ट पहिली बघतो.

'अमुक मजकूर स्क्रीनवर नाही' हे ओसीआरने तपासता येतं का?

तपासता येतं असं वाटतं, पण येत नाही. ओसीआरला शब्द दिसला नाही याचे दोन अर्थ होतात: शब्द नाही, किंवा शब्द आहे पण वाचता आला नाही. 'एरर दिसत नाही, म्हणजे सगळं ठीक' असं लिहिलेली टेस्ट स्क्रीन काळी पडली तरी पास होते. आणि स्क्रीन काळी पडते! जुन्या कर्नलमध्ये कन्सोल दहा मिनिटांनी आपोआप झाकला जायचा, ४.१२ पासून ते मुळातच बंद आहे. डेस्कटॉप मात्र अजून पाच-दहा मिनिटांत डोळे मिटतो. तपासणी करायचीच असेल तर आधी त्याच स्क्रीनशॉटमध्ये नक्की असायला हवा असा एखादा दुसरा शब्द वाचून दाखवा. तो वाचता आला, तर नसलेल्याबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार मिळतो.

माझ्या मते ओसीआरने 'आता पुढे जाऊ का?' एवढंच विचारावं. 'बरोबर झालं का?' हा प्रश्न मशीन उभी राहिल्यावर आत शिरून, फाइल आणि लॉग बघून सोडवावा.

वाट किती वेळ बघायची?

निक्सओएसमध्ये मजकुराची वाट बघण्याची ठरलेली मर्यादा ९०० सेकंद आहे. पंधरा मिनिटं ऐकायला खूप वाटतात, पण नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन नसलेल्या सीआय (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या) सर्व्हरवर इन्स्टॉलर रांगत असतो तेव्हा कळतं. मर्यादा सढळ ठेवा, पण फेल होणार हे कळलं असताना ती पूर्ण खर्च करू नका. दर फेरीत हव्या असलेल्या शब्दाबरोबर नको असलेलेही शोधा: कर्नल पॅनिक, इमर्जन्सी मोड, 'नो बूटेबल डिव्हाइस'. त्यातलं काही दिसलं की तिथेच थांबा आणि तोच शब्द फेल होण्याचं कारण म्हणून नोंदवा. सकाळी रिपोर्ट बघणाऱ्याचा दुवा लागेल.

आणि ठोकळ 'तीस सेकंद झोप' लिहू नका. तुमच्या लॅपटॉपवरचे तीस सेकंद सर्व्हरवरचे नव्वद असतात.

ओपनक्यूए तर चित्रं जुळवतं. ओसीआर बरं की ते?

ओपनक्यूए सुसेच्या मंडळींनी वाढवलं, फेडोराही ते वापरतं. त्यात 'नीडल' असतात: एक संदर्भ-चित्र आणि त्याच्या सोबत कुठला चौकोन जुळायला हवा ते सांगणारी जेसन फाइल. ओपनसीव्हीने तो चौकोन स्क्रीनवर शोधला जातो आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ९६ टक्के साम्य पुरतं. आयकॉन, लोगो, रंग, चेकबॉक्सची टिकली या गोष्टी ओसीआरच्या आवाक्याबाहेरच्या. तिथे हेच हवं.

पण फॉन्टची आवृत्ती बदलली, थीमचा निळा थोडा वेगळा झाला, की शेकडो नीडल एका रात्रीत निकामी होतात आणि कोणीतरी बसून नव्या कापतो. ओसीआरला फॉन्ट बदलल्याचं सोयरसुतक नसतं. उलट वाक्यातला एक शब्द बदलला की ओसीआरची टेस्ट पडते. तुमच्या प्रॉडक्टमध्ये रूप जास्त बदलतं की मजकूर, हे बघा. आम्ही दोन्ही वापरतो, आणि दोन्हींना शिव्या देतो.

सापडलेल्या शब्दावर क्लिक करता येतं का?

येतं. टेसरॅक्टला टीएसव्ही प्रकारात उत्तर मागितलं की प्रत्येक शब्दाची चौकट आणि खात्रीचा आकडा मिळतो. चौकटीचा मध्य काढायचा, चित्र जितक्या पटीत मोठं केलं होतं तितक्याने भागायचं (हे विसरल्यामुळे माऊस स्क्रीनच्या बाहेर शोधणारे पुष्कळ) आणि तिथे क्लिक पाठवायचं. क्यूएमूला यूएसबी टॅब्लेट जोडा, म्हणजे जागा थेट सांगता येते. साधा माऊस 'इतकं सरक' एवढंच समजतो. खरं सांगायचं तर टॅब आणि एंटरने काम होत असेल तर क्लिकच्या नादी लागू नये.

मराठीतली स्क्रीन वाचता येईल का?

येते, पण आधी कुठे येणारच नाही ते सांगतो. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी दिसत नाही. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणाच नाही. त्यामुळे मराठी ओसीआरचा प्रश्न फक्त ग्राफिकल पडद्यांवर येतो.

टेसरॅक्टला मराठीचं मॉडेल आहे, आणि शिवाय अख्ख्या देवनागरी लिपीचंही. पडद्यावर मराठीच्या मध्ये इंग्रजी शब्द असणारच, म्हणून दोन्ही भाषा एकत्र द्या. आता अडचणी. बारा-चौदा पिक्सेलच्या फॉन्टमध्ये अनुस्वार म्हणजे एक पिक्सेल. 'पुढे' मधला उकार आणि वरची मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, 'घ' आणि 'ध' मधला फरक हे सगळं तेवढ्याच जागेत. शिरोरेषेने शब्द एकसंध होतो, त्यामुळे अक्षर कुठे संपलं ते इंग्रजीसारखं मोकळ्या जागेवरून कळत नाही. इथे बाहेरून फुगवून काही होत नाही. गेस्टमध्येच स्केलिंग वाढवा. नोटो सान्स देवनागरी किंवा विंडोजवर निर्मला यूआय मोठ्या आकारात स्वच्छ वाचले जातात.

वाचलेला मजकूर जुळवताना युनिकोडची गोम आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीचे बरेच अनुवाद 'अ' ला चंद्र जोडून लिहिलेले आहेत. डोळ्याला दोन्ही सारखे, कोड वेगळे, आणि नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं. 'सुऱ्या' किंवा 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरा साध्या र पुढे अदृश्य जोडणी-चिन्ह घालून. जुळवण्याआधी अदृश्य चिन्हं काढून दोन्ही एकाच रूपात आणा. आकडे ० ते ९ देवनागरीत आहेत की इंग्रजीत, तेही एक करून घ्या. आम्ही तर फक्त वाट बघायच्या ठिकाणी काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळं गाळून नुसती व्यंजनं जुळवतो. शुद्धलेखनाच्या मास्तरांना झीट येईल, पण टेस्ट स्थिर झाल्या.

अनुवाद बरोबर आहे का, हे मात्र या वाटेने तपासू नका. अनुवादाच्या फाइली थेट वाचा. ओसीआर इथे एका वेगळ्या कामाला उपयोगी पडतं. फाइलमध्ये मजकूर अगदी शुद्ध असतो, पण फॉन्ट नसल्यामुळे स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात, किंवा वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर लटकते. आतून विचारलं तर प्रोग्रॅम सांगतो 'मजकूर बरोबर आहे'. चित्र वाचणाऱ्याला मात्र काही वाचताच येत नाही. एरवी ज्या गोष्टीसाठी ओसीआरला नावं ठेवतो, तीच इथे कामाला येते.

आणि एक सूचना, तासभर वाचेल. मराठीत इन्स्टॉल केलेल्या मशीनवर कीबोर्ड इन्स्क्रिप्ट झालेला असू शकतो. क्यूएमू अक्षरं पाठवत नाही, कीचे क्रमांक पाठवतं. तुम्ही इंग्रजी कमांड पाठवता आणि टर्मिनलमध्ये देवनागरी अक्षरांचा चिवडा उमटतो. जर्मन कीबोर्डवर 'वाय' आणि 'झेड'ची अदलाबदल होते, हे त्याचंच सौम्य रूप.

सर्व्हरवर एकदम वीस टेस्ट लावल्या तर सगळंच रांगतं. का?

टेसरॅक्ट आपणहून अनेक थ्रेड चालवतं. वीस टेस्ट म्हणजे वीस टेसरॅक्ट, प्रत्येकाचे चार-चार थ्रेड, आणि वर वीस व्हीएम. ओपनएमपीची थ्रेड मर्यादा एन्व्हायर्नमेंटमधून १ करा. एकेकटं वाचन किंचित हळू होतं, पण एकूण काम झपाट्याने पुढे सरकतं. 'फास्ट' मॉडेल वापरा, स्क्रीनसाठी पुरतात. मागच्या स्क्रीनशॉटशी चित्र तंतोतंत सारखं असेल तर पुन्हा वाचूच नका. लुकलुकणारा कर्सर यात खोडा घालतो, म्हणून तो बंद करता आला तर उत्तम.

आता एआय मॉडेलला स्क्रीनशॉट दाखवून विचारलं तर?

विचारून पाहिलं आहे. वाचतात छान, कधी कधी टेसरॅक्टपेक्षा फारच छान. माझा आक्षेप त्यांची चूक कोणत्या जातीची असते, त्यावर आहे. टेसरॅक्ट चुकलं की कचरा देतं, आणि कचरा रेजेक्सला जुळत नाही. असं मॉडेल चुकतं तेव्हा तिथे जे असायला हवं होतं ते वाचून दाखवू शकतं. स्पेलिंग चुकलेलं बटण ते मनातल्या मनात सुधारून वाचतं. टेस्टरला नेमकं तेच नको असतं. शिवाय तेच चित्र दोनदा दिलं तर उत्तर तेच येईल याची हमी लागते, दर सेकंदाला विचारायचं तर खर्च बघावा लागतो, आणि रिलीज न झालेल्या प्रॉडक्टचे स्क्रीनशॉट बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायला परवानगी आहे का, हे मॅनेजरला विचारावं लागतं. फेल झालेल्या टेस्टचा स्क्रीनशॉट समजावून सांगायला मात्र मी ती खुशाल वापरतो.

स्क्रीनशॉट जपून ठेवायचे का?

टेस्ट फेल झाली तर तीन गोष्टी ठेवा: मूळ चित्र, प्रक्रिया केलेलं चित्र आणि ओसीआरने शेवटी वाचलेला मजकूर. तिन्ही शेजारी ठेवून पाहिली की चूक मशीनची, चित्राची की रेजेक्सची ते दोन मिनिटांत कळतं. एक जरी नसली तरी तर्क लढवत बसावं लागतं. पास झालेल्यांचे आम्ही आठवड्याने उडवतो. ठेवण्याआधी त्यात काय दिसतंय ते एकदा बघा: पासवर्ड ताऱ्यांमागे लपलेला असतो, पण इन्स्टॉलरने दाखवलेली रिकव्हरी की उघडी असते, आणि तुमचा ओसीआर लॉग ती मजकूर म्हणून साठवून ठेवतो, कोणीही शोधू शकेल अशा रूपात.